पदवी इंजिनिअरिंगची, खुर्ची ट्रॉम्बोनची

अमेरिकेतल्या कॉलेजात जॅझ वाजवायचं म्हणजे संगीतातच पदवी घ्यायला हवी, असा इकडे समज आहे. तसं नसतं. एमआयटीत मुख्य विषय म्हणून संगीत घेणारे मोजकेच. तरी हर्ब पॉमरॉय यांनी १९६३ साली उभा केलेला तिथला जॅझ बँड भावी इंजिनिअरांच्या जोरावर चालत आला आहे. सॅक्सोफोनवादक जोशुआ रेडमन हार्वर्डमध्ये सोशल स्टडीज शिकले. १९९१ मध्ये येलच्या लॉ स्कूलचा प्रवेश हातात असताना त्यांनी थेलोनियस मंक स्पर्धा जिंकली, आणि वकिली राहिली ती राहिलीच.

बँडची निवड बहुधा सत्राच्या सुरुवातीलाच होते. बिग बँडमध्ये साधारण ५ सॅक्सोफोन, ४ ट्रम्पेट, ४ ट्रॉम्बोन आणि पियानो, बास, ड्रम्स, गिटार. म्हणजे पियानोची खुर्ची एकच, आणि तिच्यासाठी रांग मोठी. ट्रॉम्बोन किंवा डबल बास बरा वाजवणाऱ्याचं स्वागत मात्र जरा जास्तच होतं! संगीताचा मोठा विभाग असेल तिथे पहिल्या बँडच्या खुर्च्या बरेचदा त्या विभागातल्या मुलांकडे जातात. बाकीच्यांनी दुसऱ्या बँडसाठी प्रयत्न करावा.

चाचणीत न पाहिलेलं नोटेशन वाचायला देतात आणि बहुतेक ठिकाणी एक ब्लूज वाजवायला सांगतात. एफमधला ब्लूज घ्या. १२ बार, प्रत्येकात ४ मात्रा. ४८ मात्रांचं आवर्तनच म्हणा ना. पहिले चार बार मुख्यतः एफ सेव्हन, पाचव्याला बी फ्लॅट सेव्हन. एफ सेव्हनमधला ए हा स्वर इथे ए फ्लॅट होतो. वादक शुद्ध ए धरूनच बसला, तर तो कॉर्ड ऐकत नाही हे परीक्षकाला तिथेच कळतं. सातव्याला पुन्हा एफ, नवव्याला जी मायनर, दहाव्याला सी सेव्हन, मग घरी. हे बदल पियानोशिवाय नुसते गुणगुणता आले पाहिजेत. वेगवान ताना नंतर.

बिग बँड वाचन आणि शिस्त शिकवतो, पण तिसऱ्या ट्रॉम्बोनवर बसून वर्षभरात एकही सोलो न मिळणं सहज घडतं. जॅझ खरं शिकायचं ते चार-सहा जणांच्या कॉम्बोत: लिहिलेलं थोडं, बाकी एकमेकांचं ऐकून. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर मी कॉम्बोच निवडायला सांगेन.

क्रेडिट कुठे एखादं, कुठे शून्य. खासगी शिकवणीची फी बहुधा वेगळी. काही कॉलेजं निवडक मुलांना त्यासाठी शिष्यवृत्ती देतात. आपल्याकडून एफ-१ व्हिसावर गेलेल्यांनी बाहेरच्या क्लबात पैसे घेऊन वाजवण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारावं. परवानगीशिवाय केलेलं काम व्हिसावर बेततं.

आणि अर्ज भरण्यापूर्वीच बँडच्या संचालकांना एक ई-मेल टाका: संगीत विभागाबाहेरच्यांना कॉम्बोत घेता का, आणि माझ्या वाद्याची खुर्ची पुढच्या वर्षी रिकामी होणार आहे का?