आडनाव न विचारता

2025 च्या सुरुवातीला बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या टेबलांवरच्या आणि पुढे वर्दीवरच्याही नेमप्लेटवरून आडनाव काढायला लावलं. आपल्याकडे आडनाव कळलं की जात कळते, आणि तिथूनच समोरच्याबद्दल मत ठरायला लागतं. मला हा निर्णय मनापासून पटला. खिशातल्या मोबाइलला मात्र माणसांची जातीनुसार वाटणी करायला आडनाव लागतच नाही. ते कसं, हे बीडमधल्या प्रत्येक आईबापाने समजून घ्यायला हवं.

समजा, केज तालुक्यातला एक पोरगा घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेलाय. रात्री कोपीत पडल्या पडल्या रील्स बघतोय. नाचाचं रील त्याने लगेच वर सरकवलं. समाजाच्या नेत्याच्या गाड्यांचा ताफा, मागे दणदणीत गाणं, हे मात्र पुन्हा लावलं आणि मित्राला पाठवलं. लाइक केलं नाही. तरी कुठे थांबला, किती वेळ थांबला, कुणाला पाठवलं, सगळ्याची नोंद झाली. तेच रील आवडलेल्या इतरांनी आणखी काय पाहिलं, हे यंत्रणेला ठाऊक असतं. तेच ती याच्यापुढे ठेवते. यात जातीचा रकाना कुठेच नाही. पण माणसांचे मित्र, नातेवाईक, नेते जातीनुसार वाटलेले असल्याने पुढे येणारी रील्सही तशीच वाटली जातात. चिडून विरोधात कमेंट केली, तरी ती बहुतेकदा रस म्हणूनच मोजली जाते.

मग तो स्वतः टाकायला लागतो. बहिणीच्या बारावीच्या निकालाला थोडेच लाइक, नेत्यासोबतच्या फोटोला भरभरून. जिथे दाद मिळते तेच माणूस पुन्हा करतो. हळूहळू प्रोफाइलवर नावाआधी समाजाचं बिरुद येतं. शेजारच्या कोपीतल्या दुसऱ्या जातीच्या पोराचंही हेच चाललेलं असतं. दोघांच्या घरांवर एकाच मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, आहे, पण त्याबद्दलचं रील दोघांनाही क्वचितच दिसतं. मला सगळ्यात जास्त हेच सलतं.

ऑक्टोबर 2023 मध्ये मराठा आरक्षण आंदोलनातल्या जाळपोळीनंतर बीडमध्ये इंटरनेट बंद केलं होतं. त्याने अफवांना काही काळ आळा बसत असेल, पण साठलेल्या नोंदी तशाच राहतात. त्या आपल्यालाच पुसाव्या लागतात: उदाहरणार्थ, यूट्यूबवर पाहण्याचा इतिहास पुसून तो बंद ठेवला, की होम पानावरच्या शिफारशी जवळपास नाहीशा होतात आणि काय बघायचं ते आपल्यालाच शोधावं लागतं.