तेल गळतं बाहेर, सील गेलेलं असतं आत

मारुतीने जिप्सी १९८५ साली आणली आणि २०१९ मध्ये बंद केली. तरी सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर ती अजून भेटते, आणि रविवारी कुणाच्या तरी अंगणात पुढची चाकं काढून घोडीवर चढवलेलीही दिसते. भोवती चार हौशी मित्र, डबाभर डिझेल, पान्यांची पेटी आणि प्रत्येकाचं ठाम मत. मदत मनापासून होते. पण जिथे खूण दिसते तिथलाच भाग बदलायचा सल्ला मिळतो, आणि पुढच्या ॲक्सलचा बिघाड बहुधा एक पायरी आत असतो.

सर्वांत लाडका सल्ला म्हणजे, ‘चाकामागच्या गोळ्यावर तेल आलंय ना? मग वरचं मोठं सील बदल.’ हे मोठं सील तेल अडवण्यासाठी नसतंच. गोळ्यावरची माती, पाणी पुसून बाहेर ठेवणं हे त्याचं काम. हा गोळा ज्यात बसतो त्या नकलच्या, म्हणजे चाकासोबत वळणाऱ्या कवचाच्या, आत असतं घट्ट ग्रीस. ते पातळ होऊन ओघळतंय, गियर ऑइलचा उग्र वास येतोय, याचा अर्थ डिफरन्शियलमधलं तेल ॲक्सलच्या नळीतून नकलमध्ये शिरलंय. दोषी आहे आतलं छोटं ऑइल सील. त्यासाठी हब आणि स्पिंडल उतरवून ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढावा लागतो. मग एवढं उघडलंच आहे तर दोन्ही सील बदलावीत. सीलची कड जिथे घासते तिथे ॲक्सलवर चर पडलाय का, तेही बोट फिरवून पाहावं. चर असेल तर नवं सीलही लवकरच गळतं.

आणि ब्रीदर! डिफरन्शियलवरची ही चिमुकली झडप चिखलाने बुजली की तापलेल्या ॲक्सलमधल्या हवेला वाट उरत नाही, ती तेलाला सीलमधून बाहेर रेटते. तापलेला ॲक्सल ओढ्यात उतरला की याच्या उलट होतं: आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलंय असं समजावं. सील तीनदा बदलूनही ब्रीदरकडे न पाहणारे महाभाग कमी नाहीत.

दुसरा गैरसमज थरथरीचा. ठरावीक वेगाला खड्डा लागला की स्टेअरिंग हातात नाचायला लागतं आणि गाडी जवळपास थांबेपर्यंत ते सुटत नाही. यावर ‘स्टेअरिंग डँपर टाक’ हे उत्तर तयारच असतं. चांगला डँपर थरथर दाबतो, पण झीज तशीच राहते. आधी टायरचं बॅलन्सिंग, टाय रॉडची टोकं, पाट्यांचे बुश तपासावेत आणि नकल ज्यावर वळतो ते किंगपिन बेअरिंग तर नक्कीच. इथे मात्र मित्र खरोखर हवा. चाक जमिनीपासून उचललेलं असताना टायर वर-खाली धरून हलवायचं आणि दुसऱ्याने ब्रेक दाबायचा. ब्रेक दाबताच ढिलाई गेली तर ती चाकाच्या बेअरिंगची. तशीच राहिली तर संशय किंगपिनवर. एकट्याने ही परीक्षा नीट होत नाही.

दोष किंगपिनचा आहे हे कळल्यावर पुढची चूक ‘एक शिम काढ, आवळून टाक’ ही. शिम, म्हणजे तिथली पातळ चकती, कमी केली की बेअरिंगवर दाब वाढतो हे खरं, पण किती वाढवायचा हे हाताच्या अंदाजाने ठरत नाही. मोठं सील लावण्याआधी स्टेअरिंगच्या आर्मला ताणकाटा अडकवून नकल वळवायला लागणारा जोर मोजतात आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहतात. झिजलेलं बेअरिंग मात्र शिमने बरं होत नाही.

डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळताना गाडी अडते, धक्के देते, म्हणून ॲक्सल खोलायला निघालेल्यांनी जरा थांबावं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि जिप्सीत हा फरक सोसायला मधलं डिफरन्शियल नाही. कोरड्या रस्त्यावर लिव्हर टू-व्हीलवर ठेवलं की तक्रार संपते. खडीवर पूर्ण वळवल्यावर कटकट ऐकू आली तर गोष्ट वेगळी, ती ॲक्सलच्या टोकाला असलेल्या बिरफील्ड जॉइंटची. स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवून ॲक्सिलरेटर दाबणं म्हणजे हा जॉइंट मोडायची उत्तम पद्धत!

शेवटचा गैरसमज जॅकचा. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. घोडी ॲक्सलखाली पक्की बसल्याशिवाय आणि मागच्या चाकांना उटी लावल्याशिवाय कुणीही खाली शिरू नये, मग तो मित्र कितीही अनुभवी असो.