उजव्या कुशीतली खाच

1901 मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, मग कोल्हापुरात एकामागून एक वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यापाड्यांतली पोरं वळकट्या घेऊन शिकायला आली आणि वळकट्यांतून ढेकूणही आला. मी राहायचो त्या बोर्डिंगात परीक्षा संपली की मामा ओरडायचे, "कॉटा भाईर काढा रं!" लोखंडी कॉटच्या सांध्यांतून रॉकेलचा बोळा फिरायचा, गाद्या गच्चीवर उन्हात पडायच्या, शिवणीत काळे ठिपके दिसले की त्यावर उकळतं पाणी. चिरडलेल्या ढेकणाचा तो उग्र वास अजून नाकात आहे.

पुष्कळ वर्षांनी एका प्राध्यापक मित्रानं रक्त पिऊन फुगलेली मादी भिंगाखाली उताणी ठेवली. पोटाच्या वळ्यांत, तिच्या उजव्या अंगाला एक बारीक खाच होती. शेजारी तपकिरी डाग. "हे नराचे वार," तो म्हणाला.

ढेकणाचा नर सरळ मार्गानं समागम करत नाही. सुईसारखं वाकडं इंद्रिय तो मादीच्या पोटात खुपसतो आणि बीज तिच्या रक्तातून वाट काढत अंडाशयाकडे जातं. हे घडतं विष्ठा आणि टाकलेल्या कातींनी भरलेल्या फटीत. म्हणजे प्रत्येक वेळी घाणेरड्या सुईनं भोसकून घेणंच. त्या खाचेच्या आत पेशींनी गच्च भरलेली एक पिशवी असते. तीच या लेखाचा विषय.

कीटकांच्या अंगात आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात. त्यांच्या रक्तातल्या पेशी जंतूंना गिळतात, मोठ्या शत्रूभोवती वेढा घालतात आणि जखमेवर मेलॅनिनचं काळपट बूच बसवतात. तो तपकिरी डाग म्हणजे हेच बूच. शिवाय लायसोझाइम असतं, जीवाणूंची भिंत फोडणारं. आपल्या अश्रूंत आणि लाळेत असतं तेच.

इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात राइनहार्ट, नेलर आणि शिवा-जोथी यांनी या पिशवीची परीक्षा घेतली. माद्यांना बारीक सुया टोचल्या. काही स्वच्छ, काही जंतू लावलेल्या. काही खाचेत, काही दुसरीकडे. 2003 मध्ये निष्कर्ष छापून आला. जखम भरून येण्याच्या कामी ही पिशवी उपयोगी पडते असं दिसलं नाही. आत शिरलेल्या जंतूंपासून मात्र ती मादीला वाचवते. वार तर चुकत नाही, म्हणून वाराच्या जागीच पहारा बसवलेला.

त्याहून जास्त मला थक्क केलं ते 2019 च्या कामानं. नर नुकतंच रक्त प्यायलेल्या मादीवरच झडप घालतो, म्हणजे जेवणामागोमाग जखम ठरलेली. संशोधकांनी काही माद्यांना नेमानं रक्त दिलं, काहींना तेवढंच पण अवेळी. नेमानं पिणाऱ्या माद्यांनी जेवणाच्या आधीच त्या अवयवातली जंतुनाशक ताकद वाढवून ठेवली. अवेळी पिणाऱ्यांना ते जमलं नाही. अंडी घालण्याचा वेग दोघींचा सारखाच. पण तयारीत राहिलेल्या माद्या जास्त जगल्या आणि जन्मभरात त्यांची प्रजाही जास्त झाली. अंगात मेंदू तो केवढा, आणि तरी उद्याच्या जखमेचा अंदाज!

हे प्रयोग थंड मुलखातल्या सायमेक्स लेक्टुलॅरियसवरचे. आपल्याकडे त्याचा उष्ण प्रदेशातला भाऊबंद, सायमेक्स हेमिप्टेरस, जास्त आढळतो. त्याच्या मादीवरही हाच प्रसंग येतो.

अंगातले सगळेच जीवाणू मात्र शत्रू नव्हेत. नुसत्या रक्तावर जगायचं तर बी गटातली जीवनसत्त्वं कमी पडतात. ती पुरवतो वोल्बाकिया हा जीवाणू. तो ढेकणाच्या अंगात खास पेशींच्या घरात राहतो. 2010 मध्ये जपानी संशोधकांनी औषधानं तो काढून टाकला, तेव्हा ढेकणांची वाढ खुंटली आणि प्रजननही; जीवनसत्त्वं दिल्यावर गाडी पुन्हा रुळावर आली.

आपल्या देशात ढेकणावर एक मोठा आळही आला होता. मद्रासेत पॅटन यांनी 1907 च्या सुमारास काळा आजार त्याच्यामुळे पसरत असावा असं मांडलं. 1942 मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी खरी वाहक वाळूमाशी असल्याचं सिद्ध केलं. ढेकूण झोप उडवतो, अंगावर गांधी उठवतो. पण माणसामाणसांत रोग पसरवल्याचं त्याच्यावर शाबीत झालेलं नाही.

आमच्या बोर्डिंगात दहाला दिवे मालवायचे, रोज. आता वाटतं, कॉटच्या सांध्यातल्या मादीला याहून नेमाचं ताट कुठं मिळणार होतं? उन्हाळ्यात खोल्या ओस पडायच्या. ढेकूण कित्येक महिने उपाशी तग धरतो. जूनच्या पावसात पहिली वळकटी उलगडली की मादी बाहेर यायची, पाच-दहा मिनिटं पोटभर प्यायची आणि सरपटत सांध्यात परतायची. नर तिथंच असायचे.