रायापुरातल्या मधल्या घराचं उत्पन्न

जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणाचा वार्षिक नमुना १,०२,४०० कुटुंबांवरून २,७२,३०४ वर गेला. २०११ च्या जनगणनेतली सुमारे २४.७ कोटी कुटुंबं धरली, तर ९०० घरांमागे एक घर निवडलं जातं. हुबळी-धारवाड महापालिकेची तेव्हाची लोकसंख्या सुमारे ९.४४ लाख आणि आताचे प्रभाग ८२. म्हणजे एका प्रभागात सरासरी ११,५०० माणसं, घरटी ४.६ माणसं धरल्यास २,५०० घरं. त्यांच्या वाट्याला वर्षाला तीनही घरं येत नाहीत. प्रत्यक्षात नमुना गटांनी निवडतात आणि एका गटात १२ घरं असतात. त्यामुळे याच शहरातल्या, साधारण एका प्रभागाएवढ्या धरलेल्या रायापूरच्या वाट्याला एखाद्या वर्षी १२ घरं येतील, बहुतेक वर्षी शून्य.

रायापूरसाठी शोधायचं ते मध्यक उत्पन्न, म्हणजे घरं कमाईच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या घराचं उत्पन्न. सरासरीवर भागत नाही, हे भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत दिसलं. २००४-०५ मध्ये ४१,५५४ कुटुंबांच्या त्या पाहणीत सरासरी वार्षिक उत्पन्न ४७,८०४ रुपये निघालं आणि मध्यक २७,८५७. सरासरी मध्यकापेक्षा ७२ टक्क्यांनी जास्त, कारण वरच्या थोड्या घरांची कमाई ती ओढून नेते. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्नही सरासरीच असतं. त्याला घरातल्या माणसांच्या संख्येने गुणून रायापूरच्या घराची कमाई काढली, तर चूक याच दिशेने होईल.

उत्पन्न थेट विचारण्याचा इतिहास फारसा यशस्वी नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीने १९५० आणि १९६० च्या दशकांत तो प्रयत्न केला. लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरलं आणि प्रयत्न थांबला. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय कुटुंब उत्पन्न सर्वेक्षणाची पूर्वचाचणी झाली, तेव्हा ९५ टक्के लोकांना विचारलेली माहिती संवेदनशील वाटली.

म्हणून उत्पन्नाऐवजी खर्च मोजला जातो. शहरी कर्नाटकात दरडोई मासिक खर्च २०२२-२३ मध्ये ७,६६६ रुपये होता, २०२३-२४ मध्ये ८,०७६, वाढ ५.३ टक्के. त्याच वर्षात देशातल्या शहरांची वाढ ८.३ टक्के, ६,४५९ वरून ६,९९६. मोठ्या कालखंडात भाववाढ वजा केली की चित्र पालटतं. २०११-१२ मध्ये देशाचा शहरी आकडा २,६३० होता, म्हणजे बारा वर्षांत १६६ टक्के वाढ. २०११-१२ च्या किमतींत २०२३-२४ चा खर्च ३,६३२ रुपये. खरी वाढ ३८ टक्के, वर्षाला सुमारे २.७ टक्के. रायापूरसाठी भाववाढ मोजताना देशाचा निर्देशांक घ्यायची सक्ती नाही. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २००१ च्या मालिकेत हुबळी-धारवाड हे स्वतंत्र केंद्र होतं.

काळाची तुलना बिघडवणाऱ्या गोष्टी मात्र स्थानिकच आहेत. प्रभाग ६७ चे ८२ झाले. सरासरी प्रभाग १४,००० माणसांवरून ११,५०० वर आला. हद्द बदलली की एकाचीही कमाई न बदलता मध्यक हलतो. एकत्र कुटुंबाची दोन घरं झाली तरी तेच. उत्पन्नाच्या दाखल्यांवरचे आकडे तर हिशेबात धरूच नयेत. कर्नाटकात बीपीएल कार्डासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १.२ लाख आहे. तिच्या वर उत्पन्न लिहून घेण्यात कुणाचा फायदा? विजेचा वापर हा बरा पर्याय, कारण हेस्कॉम या वीज वितरण कंपनीकडे मीटरनिहाय नोंद असते. पण २०२३ मध्ये राज्याची गृहज्योती योजना आली. २०२२-२३ ची सरासरी अधिक १० टक्के, कमाल २०० युनिटपर्यंत वीज मोफत झाली. त्या वर्षाआधीचं आणि नंतरचं युनिट एकाच मापाचं राहिलं नाही.

मार्ग आहे, आणि तो १९७९ पासून माहीत आहे. फे आणि हेरियट या संख्याशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या हजाराहून कमी वस्तीच्या गावांच्या उत्पन्नासाठी छोटा नमुना आणि इतर नोंदी भारांकाने जोडल्या: नमुना जितका लहान, तितका नोंदींवर भर जास्त. रायापूरसाठी जिल्ह्याचा नमुना, वीज, मालमत्ता कर आणि २०२७ च्या जनगणनेतली घरं व वस्तू यांची माहिती असं जोडता येईल. तोवर जनगणनेचा आधार २०११ चाच.

दुसरा मार्ग ४०० घरांच्या स्वतंत्र पाहणीचा. निवड सोडतीने झाली, तर खरा मध्यक ९५ टक्के खात्रीने नमुन्यातल्या साधारण १८० व्या आणि २२० व्या घराच्या उत्पन्नांदरम्यान असतो. १०० घरं घेतली तर ४० व्या आणि ६० व्या घरांदरम्यान. पट्टा दुप्पट रुंद. दोन वर्षांचे पट्टे एकमेकांवर बरेचसे चढत असतील, तर वाढ झाली असं म्हणता येत नाही. रायापूरच्या घरांचं उत्पन्न कुणी एकाच आकड्यात सांगितलं, तर घरं किती पाहिली, किमती कोणत्या वर्षाच्या आणि हद्द कोणती, हे आधी विचारावं.