धारक पिन (सेल्फ लोडिंग रायफल)

धारक पिन ही रायफलीच्या यंत्रणेतील एखादा हलता भाग त्याच्या जागी अडवून धरणारी लहान पोलादी खीळ होय. जुन्या लाकडी बैलगाडीत आसाच्या टोकाशी बसवलेली खीळ चाकाला बाहेर सरकू देत नाही. धारक पिनेचे कार्य तत्त्वतः तेच आहे. दरवर्षी गळीत हंगामात बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांना या खिळीचे महत्त्व सांगावे लागत नाही. फरक इतकाच, की गाडीची खीळ निसटली तर ती उघड दिसते. रायफलीतील पिन मात्र यंत्रणेच्या आत असल्याने सैल होऊनही बराच काळ ध्यानात येत नाही.

या लेखात भारतात ‘एसएलआर’ या नावाने परिचित असलेल्या ७.६२ मिमी १ए१ रायफलीतील धारक पिन, ती सैल होण्याची कारणे आणि तिची दुरुस्ती यांची माहिती दिली आहे.

१ए१ रायफल

१९६२च्या चीन युद्धात भारतीय पायदळाची मुख्य रायफल .३०३ ली-एनफिल्ड ही होती. प्रत्येक गोळीनंतर तिचा बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागे. तिच्या जागी आलेली १ए१ ही बेल्जियमच्या एफएन एफएएल या रायफलीवर आधारित असून तिचे उत्पादन पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात झाले. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र रिकामे काडतूस बाहेर फेकणे व नवे काडतूस चेंबरमध्ये भरणे ही कामे नळीतून घेतलेल्या वायूच्या दाबाने आपोआप होतात. यासच अर्धस्वयंचलित क्रिया म्हणतात. मॅगझिनमध्ये २० काडतुसे बसतात.

पुढे सैन्यदलात ५.५६ मिमी इन्सास रायफल आली, तरी महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या पोलीस दलांत एसएलआर वापरात राहिली. त्यामुळे तिची निगा हा केवळ इतिहासाचा विषय नाही.

पिनेचे कार्य

एसएलआरच्या ब्रीच ब्लॉकमध्ये फायरिंग पिन असते. घोडा तिच्या मागील टोकावर आदळतो, ती पुढे जाऊन काडतुसाच्या टोपीवर आघात करते आणि तिच्यावरील स्प्रिंग तिला लगेच मागे आणते. ही स्प्रिंग फायरिंग पिनेला सतत मागे ढकलत असल्याने ती पूर्णपणे बाहेर येऊ नये यासाठी ब्लॉकमध्ये आडवी धारक पिन बसवलेली असते. फायरिंग पिनेच्या खाचेतून ती जाते, त्यामुळे फायरिंग पिनेला ठरावीक अंतरच मागेपुढे सरकता येते.

धारक पिन सरकली किंवा वाकली तर दोन प्रकारचे बिघाड संभवतात. पहिल्यात आघात अपुरा पडतो आणि गोळी सुटत नाही. दुसरा अधिक गंभीर आहे. फायरिंग पिन पुढच्या स्थितीतच अडकून राहिली, तर नवे काडतूस चेंबरमध्ये जाताना, ब्रीच पूर्ण बंद होण्यापूर्वीच, चाप न ओढता ते उडू शकते. अशा वेळी स्फोटाचा दाब मागे, म्हणजे रायफल धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो.

सैल होण्याची कारणे

प्रत्येक गोळीबरोबर बसणारे धक्के हे मुख्य कारण. धुळीच्या प्रदेशात जादा तेल लावल्यास तेल व धूळ यांचे मिश्रण घासकागदासारखे काम करते आणि छिद्र हळूहळू रुंदावते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत अधिक तेल म्हणजे अधिक निगा नव्हे. वारंवार अकारण पिन काढणे हेही झिजेचे कारण ठरते. पत्रा गुंडाळून केलेल्या स्प्रिंग पिना छिद्रापेक्षा किंचित जाड असतात आणि दाबून बसल्यामुळेच घट्ट राहतात. दोनचारदा काढल्या की त्यांचा ताण जातो. दुसऱ्या बनावटीच्या रायफलीची जवळपास त्याच मापाची पिन बसवणे ही चूकही आढळते.

दुरुस्ती

काम सुरू करण्यापूर्वी मॅगझिन काढून, बोल्ट मागे ओढून चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री केली जाते; काडतुसे कामाच्या टेबलावर ठेवली जात नाहीत. ब्रीच ब्लॉक बाहेर काढून फायरिंग पिन आत दाबून धरली जाते आणि मगच योग्य मापाच्या पंचाने धारक पिन ढकलली जाते. दाब न धरता पिन काढल्यास स्प्रिंगच्या जोराने भाग उसळून दूर जातात.

यानंतर झीज पिनेची आहे की छिद्राची, हे ठरवावे लागते. संपूर्ण दुरुस्तीचा निर्णय यावर अवलंबून असतो. नवी पिन छिद्रात घट्ट बसली तर दोष जुन्या पिनेचा होता आणि काम तेथेच संपते. नवी पिनही हलत असेल, तर छिद्र मोठे झाले आहे असे समजून ब्लॉक बदलणे किंवा ते काम आर्मोररकडे सोपवणे हाच मार्ग उरतो. खिळ्याचा तुकडा, तार किंवा गोंद वापरून केलेली तात्पुरती सोय धोकादायक असते: खिळ्याचे लोखंड मऊ असल्याने वाकते, तर उष्णतेने गोंदाची पकड सुटते.

रिसीव्हरमध्ये आडवा बसवलेला ‘लॉकिंग शोल्डर’ पिनेसारखाच दिसतो, परंतु तो धारक पिन नव्हे. ब्रीच ब्लॉक त्यावर टेकून बंद होतो आणि काडतुसामागील अंतर त्याच्या मापावर ठरते. तो ठोकून काढणे हा नवशिक्यांकडून होणारा महागडा घोटाळा आहे.

जोडणीनंतर फायरिंग पिन बोटाने दाबून सोडली असता ती अडखळता परत यायला नको. शेवटी रिकाम्या रायफलीवर बोल्ट, चाप व सुरक्षा खटका यांची चाचणी घेतली जाते.

कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५नुसार शस्त्रांच्या दुरुस्तीसाठीही परवाना आवश्यक आहे. शस्त्र नियम, २०१६मधील वर्गीकरणात ७.६२ मिमी लष्करी काडतूस वापरता येणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफली पहिल्या प्रवर्गात, म्हणजे सामान्य नागरिकाला सहजासहजी न मिळणाऱ्या शस्त्रांत, मोडतात. त्यामुळे एसएलआरची दुरुस्ती व्यवहारात पोलीस व सुरक्षा दलांच्या शस्त्रागारातील आर्मोररच करतात. २०१९च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या ३ वरून २ वर आणली.

बीड जिल्ह्यात हा विषय डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर चर्चेत आला. जिल्ह्यात १,०००हून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे त्या वेळी पुढे आले. प्रशासनाने त्यांची फेरतपासणी करून अनेक परवाने रद्द केले. हे परवाने प्रामुख्याने पिस्तूल, रिव्हॉल्व्हर व साध्या बंदुकांचे असतात. त्यांतही पिन सैल होते आणि परवानाधारकाला ती परवानाप्राप्त बंदूक दुरुस्ती व्यावसायिकाकडूनच बदलून घ्यावी लागते.