सोबतीचा लगाम

सकाळची वेळ आहे. सात-आठ घोडेस्वारांची रांग माळावरच्या कच्च्या वाटेने चालली आहे. वाट रुंद होते, पुढच्या दोघांना दौडीची हुक्की येते आणि टाच मारून ते सुटतात. रांगेतल्या चौथ्या घोड्याची मान ताठ होते, कान पुढच्यांवर रोखले जातात आणि तो जागच्या जागी थुईथुई नाचू लागतो. स्वार लगाम आखडतो. घोडा हनुवटी पुढे काढून त्या लगामावर रेलतो, तसा स्वार आणखी जोर लावतो. घोडा उधळला की नंतर चर्चा होते ती या चौथ्या स्वाराची: हातात जोर कमी पडला, मांड कच्ची होती, लगाम फार साधा होता. माझ्या मते त्या घोड्याला उधळवलं ते पुढच्या दोघांनी. जोरकस, तापट घोडा सोबतीने फिरायला न्यायचा असेल, तर त्याला आवरणं हे सगळ्या चमूचं काम आहे. एकट्या स्वाराच्या मनगटावर ते सोपवणं अन्यायाचं आहे आणि धोक्याचंही.

जोराचा हिशेब साधा आहे. शर्यतीसाठी पैदास केलेला थरोब्रेड घोडा साधारण साडेचारशे ते पाचशे किलोंचा असतो आणि भरधाव सुटला की ताशी साठ किलोमीटरचा वेग सहज गाठतो. त्याच्याशी रस्सीखेच करून माणूस जिंकणार नाही. मग लगाम चालतो कसा? घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधे हिरडीचा एक मोकळा पट्टा असतो. लगामाचा तोंडातला भाग, म्हणजे बिट, तिथे बसतं. हाडावर पातळ कातडी एवढंच तिथे असतं, म्हणून हलका दाबही घोड्याला कळतो. दाब आला, घोड्याने मान दिली आणि त्याच क्षणी दाब सुटला, तर या सुटण्यातूनच तो शिकतो. दाब सुटलाच नाही तर शिकण्यासारखं काही उरत नाही. घोडा त्या ताणावर आपल्या मानेचा भार टाकतो आणि स्वार नकळत त्याला टेकू देत राहतो. शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांच्या बाबतीत ही गोष्ट फारच महत्त्वाची ठरते. मुंबईच्या महालक्ष्मीला हिवाळ्यात आणि पुण्याला पावसाळ्यात शर्यती होतात, आणि तिथून निवृत्त झालेले कित्येक घोडे पुढे रायडिंग क्लबांत येतात. वयाच्या दुसऱ्या वर्षापासून त्यांना एकच धडा मिळालेला असतो: आखडलेल्या लगामावर रेलायचं आणि शेजारच्या घोड्यासोबत पळायचं. अशा घोड्यावर घाबरून दोन्ही हातांनी लगाम ओढणारा स्वार त्याला थांब म्हणत असतो. घोड्याच्या कानी मात्र वेगळीच आज्ञा पडते.

सोबतीने घोडा बिथरतो याचं मूळ शर्यतीच्याही मागे आहे. घोडा हा शिकार होणारा, कळपात जगणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि नाकासमोरची चिंचोळी जागा आणि शेपटीमागचा भाग सोडला तर चहूकडचं त्याला एकदम दिसतं. कळपातला एक पळाला की कारण विचारत थांबणारा मागे राहतो आणि खाल्ला जातो. त्यामुळे आधी पळायचं आणि मग पाहायचं, हे त्याच्या रक्तात आहे. म्हणून पुढचे दोघे सुटले तेव्हा चौथा घोडा हट्टाला पेटला नव्हता, मागे राहण्याच्या भीतीने त्याला घेरलं होतं. हा फरक कळला की शिक्षेची भाषा गळून पडते. माणसाची अवस्थाही घोड्यापर्यंत पोचते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात माणसांनी ठरावीक अंतरावर घोड्यांना घेऊन ये-जा करायची होती, काहींनी धरून चालवत, काहींनी पाठीवर बसून. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं गेलं, की आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, पण माणसांबरोबर घोड्यांच्याही हृदयाचे ठोके वाढले. आठ घोड्यांच्या रांगेत एकच धास्तावलेला स्वार असला तरी त्याची धास्ती त्याच्या घोड्यात उतरते, आणि बाकीचे घोडे त्या घोड्याकडे पाहतच असतात.

यावर पहिला उपाय सुचवला जातो तो कडक लगामाचा. वरवर पाहता तो पटतो, कारण पहिल्या दिवशी गुण येतो. पण दुखण्यापासून पळणं हाच ज्याचा स्वभाव, त्याच्या तोंडात दुखणं कोंबून तो शांत कसा होईल? काहीजण काटेरी बिटांपर्यंत जातात. जनावराला आवरण्यासाठी काटे किंवा टोकं असलेलं बिट वापरायला आपल्या देशात १९६५च्या केंद्रीय नियमांनी बंदी घातलेली आहे. लगाम बदलण्याआधी जोर करणाऱ्या घोड्याचे दात तपासावेत, कारण घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात आणि त्यांच्या कडा धारदार होऊन गाल सोलतात. खोगीर पाठीला रुततं का आणि कामाच्या मानाने दाणा जास्त होतो का, हेही पाहावं. दुसरा उपाय: आधी भरपूर पळवून त्याची रग जिरवायची. ग्रीक घोडदळाचा अनुभवी अधिकारी झेनोफन याने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातच हा समज खोडून काढला. घोडेस्वारीवरच्या आपल्या ग्रंथात तो सांगतो, की तेजस्वी घोड्याला दामटून दमवता येत नाही, उलट तो जास्तच जोर करतो; त्याला सावकाश, लांबवर चालवावं, लगाम मऊ असावा आणि दुसऱ्या घोड्याशी त्याची चढाओढ लावूच नये. हे बजावणारा माणूस युद्धावर जाणारा होता, घोड्यांचे लाड पुरवणारा नव्हे.

मग एकट्यानेच न्यावा, असं कोणी म्हणेल. कळपाच्या प्राण्याला एकटं काढलं की तो पानाच्या सळसळीलाही बुजतो, आणि स्वार पडला तर हाक मारायला जवळ कोणी नसतं. मधला मार्ग चांगला: एक वयस्क, थंड डोक्याचा घोडा सोबत घेऊन दोघांनीच काही आठवडे फिरायचं. आपला घोडा पुढे शांत राहतो की मागे, हे तेव्हाच कळतं, आणि मग तिसरा, चौथा घोडा वाढवता येतो. उरतो सगळ्यांत खरा आक्षेप: घोडा ज्याचा, जबाबदारी त्याची; बाकीच्यांनी आपली सकाळ का बिघडवून घ्यायची? यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. घोड्याचा स्वभाव निघण्याआधी सांगणं हे स्वाराचं कर्तव्य आहे, आणि चालीवरही जो घोडा ताब्यात राहत नाही तो चमूत आणूच नये. पण उधळलेला घोडा एकटा उधळत नाही. तो शेजारून भरधाव गेला की मघाशी शांत असलेले घोडेही सुटतात, आणि त्यांतल्या एकावर कदाचित पहिल्यांदाच माळावर आलेला मुलगा बसलेला असतो.

म्हणून चमूच्या वागण्याला मी लगाम म्हणतो. वेग ठरतो तो सगळ्यांत अडचणीत असलेल्या घोड्यावरून. दौड सुरू करायच्या आधी मागे वळून विचारायचं आणि प्रत्येकाचा होकार आल्याशिवाय टाच मारायची नाही. दोन घोड्यांत निदान एका घोड्याची लांबी, म्हणजे आठेक फूट अंतर ठेवायचं. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधायची ब्रिटिश प्रथा आपल्याकडेही पाळण्याजोगी आहे. फाटक ओलांडल्यावर शेवटचा घोडा बाहेर येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, कारण मागे अडकलेल्याला पुढच्यांच्या टापा ऐकू येणं याहून मोठी चिथावणी नाही. एवढं करूनही एखादा घोडा सुटलाच, तर पाठलाग करायचा नाही. मागून येणाऱ्या टापा म्हणजे त्याच्यासाठी शर्यतच. बाकीच्यांनी जागीच थांबावं. मागे कळप येत नाही हे कळल्यावर बरेच घोडे आपणहून मंदावतात. स्वाराने एकसारखं ओढत बसू नये. सरळ बसून ओढ आणि ढील, ओढ आणि ढील असं करत राहावं, आणि मोकळं मैदान असेल तर मोठ्या वर्तुळात वळवत ते वर्तुळ हळूहळू लहान करावं. भरधाव वेगात एकदम झटका देऊन वळवलं तर घोडा स्वारासकट आडवा होतो.

परतीची वाट मात्र वेगळीच परीक्षा घेते. माथेरानला घोड्यावर बसलेल्या पर्यटकांनीही हे अनुभवलेलं असेल: परतीला लागलं की जनावर आपोआप पाय उचलू लागतं. तापट घोड्याला तिथे चमूची सगळ्यांत जास्त गरज असते. शेवटचा किलोमीटरभर सगळ्यांनी चालीनेच यावं, जमलं तर उतरून, खोगिराचा तंग एक भोक सैल करून, घोडे हाताने चालवत. चौथा घोडा मग मान खाली घालून वाटेकडेचं गवत हुंगू लागतो, आणि त्याचा स्वार सकाळपासून पहिल्यांदाच आखडलेली बोटं मोकळी करतो.