इतिहास कोणाचा साक्षीदार?

सीमाप्रश्नावरची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. अलीकडचीही आणि पलीकडचीही. दोन्हीकडे एक साक्षीदार हटकून उभा केला जातो. त्याचे नाव इतिहास. आणि गंमत अशी, की हा गृहस्थ कोणालाच नाही म्हणत नाही!

पलीकडचे वक्ते थेट नवव्या शतकात जातात. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या दरबारी ‘कविराजमार्ग’ हा कानडी ग्रंथ झाला. त्यात कानडी मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. मग बेळगावच काय, सोलापूरही आमचेच! सोलापुरात जुने कानडी शिलालेख आहेत, हेही खरेच. यावर अलीकडचे वक्ते शिवछत्रपतींची 1677 ची दक्षिणेतील स्वारी काढतात आणि श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली मराठी अक्षरे दाखवतात. तेही तितकेच खरे. शतक आपल्या सोयीने निवडायचे आणि निकाल मात्र इतिहासाने दिला म्हणायचे, असा हा न्याय!

याच न्यायाने चालायचे, तर तंजावरचे काय करावे? तिथे भोसल्यांची गादी 1855 पर्यंत होती. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर त्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. तरी तंजावर महाराष्ट्रात घाला, असे कोणी म्हणत नाही. कारण तिथली माणसे तमिळ बोलतात. म्हणजे हद्द कशी ठरवावी, हे मनातून आपल्या सर्वांना ठाऊक आहे!

महाराष्ट्राच्या मागणीचा खरा पायाही हाच आहे: खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकांची इच्छा. महाजन आयोगाने 1967 साली बेळगाव कर्नाटकातच राहावे असे सांगितले. महाराष्ट्राने ते मानले नाही आणि 2004 साली वाद सर्वोच्च न्यायालयात नेला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी, राज्यपुनर्रचनेच्या दिवशी, सीमाभागात जन्मलेली मुले आता आजोबा-आजी झाली आहेत.

शेताचा सरकारी कागद स्वतःला वाचता यावा, नातवाला आपल्या भाषेची शाळा मिळावी, एवढे त्यांना हवे आहे. यासाठी राष्ट्रकूटांची साक्ष कशाला लागते? आणि हा हक्क बेळगावच्या मराठी माणसाचा असेल, तर जत-अक्कलकोटकडच्या कानडी माणसाचाही तो आहे, हे आपणही मोकळ्या मनाने म्हटले पाहिजे. तसे म्हटल्याने आपली बाजू दुबळी होत नाही. उलट भक्कमच होते.